तिसरी रात्र

आमच्या ओढ्याच्या वळणावर काळ्या पाण्याचा एक डोह आहे. गावातल्या बाया कसाव्याचे कडू कंद सोलून तिथे बुडवून ठेवतात. तीन रात्री. तेवढ्यात कंद मऊ पडतो, त्यातलं विष पाण्यात उतरतं, मग वाळवून त्याचं पीठ करायचं. माझी वहिनी कापेंबा या तीन रात्रींच्या बाबतीत फार कडक. दुसऱ्याच दिवशी कुणी टोपली घेऊन आली की कमरेवर हात ठेवून वाटेत उभी राहायची.

"अगं, एका रात्रीत नवऱ्याचा रुसवा जात नाही, या कंदाचा कडूपणा जाईल होय?"

मुबियाला नावाची एक म्हातारी हसायची. "कंद भिजवतेस की नवरीला न्हाऊ घालतेस गं?"

"नवरीच आहे. माझ्या पोरींच्या पोटात नांदायचंय तिला."

तिचं पीठ गावात सगळ्यांत पांढरं. माझा थोरला भाऊ सरहद्दीपलीकडे हिरे खणायला गेला, त्याला पाच पावसाळे झाले. दोन्ही पोरी तिने त्या पिठावरच वाढवल्या.

गेल्या कोरड्या दिवसांत भुईमूग किडीने खाल्ला. घरोघरी पीठ आणि पाला, एवढंच उरलं. त्यातच वहिनी हिवतापाने आडवी झाली. अकरा वर्षांची थोरली लुझोलो कंद उपटायची, सोलायची, डोहात टाकायची. एका सकाळी मडकं रिकामं झालं आणि धाकटी रडायची थांबेना. तेव्हा वहिनीनेच अंथरुणावरून सांगितलं, "जा, काढून आण. आजच्या दिवस."

"आई, एकच रात्र झालीय."

"मला मोजता येतं."

तो आजचा दिवस सहा आठवडे चालला. ताप उतरला, वहिनी उभी राहिली, तरी चालला. तीन रात्री थांबायला घरात तीन दिवसांचं पीठ लागतं, आणि ते पुन्हा साठलंच नाही. मीही त्या घरी जेवलो. घास किंचित कडू लागला. माझ्या घरचाही तसाच होता.

मग एके दिवशी लुझोलो शेतातून येताना खाली बसली ती उठेना. पाय लाकडासारखे ताठ. आमच्याकडे या दुखण्याला कोंझो म्हणतात; हरणाचे पाय जखडणाऱ्या जुन्या शिकारी मंत्राचं हे नाव. मी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो. वहिनी मागून चालत होती. सिस्टरने पोरीचं पाऊल वर ढकललं. ते कितीतरी वेळ थरथरत राहिलं.

"हे बरं होत नाही," सिस्टर म्हणाली. "यापुढे तीन रात्री भिजवा, नाहीतर धाकटीचंही असंच होईल. अंगातलं विष मारायला मासे द्या, शेंगा द्या."

"मासे?" वहिनी म्हणाली. "त्यांची-आमची ओळख कधीच सुटली, बाई."

सिस्टर हसली नाही.

आता लुझोलो काठी टेकत, चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत चालते. शेतात तिचा उपयोग नाही. म्हणून ती डोहाकाठी राखणीला बसते, कारण हल्ली लोक भिजत घातलेले कंदही चोरतात. धाकटीच्या पायांसाठी रात्री मोजायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे.

परवा मी ताडी उतरवून ओढ्याने येत होतो. वहिनी रिकामी टोपली घेऊन डोहावर आलेली. लुझोलो काठी आडवी धरून पाण्यापाशी बसली होती.

"आई, आज तिसरी रात्र."

"माहीत आहे."

"धाकटीला सांग, उद्या."

"सांगितलं. कालपासून सांगतेय." वहिनीचा आवाज चढला नाही. "आता ती रडतही नाही, लुझोलो. सरक बाजूला."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ताडीचा भोपळा होता, दुसरं काही नव्हतं.

मग वाट द्यायला तिने काठी जमिनीत रोवली आणि उठू लागली. तिला वेळ लागला. वहिनी टोपली धरून थांबून राहिली.