मी दुरुस्त केलेली नायिका

माझ्या आवडत्या कॉमिकमधली नायिका गेल्या वर्षी बदलली आणि मला ते अजिबात पटलं नाही. लहानपणी जव्हारच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तिचे अंक यायचे. गोरीपान, कमरेपर्यंत केस, खांद्यावरून उडणारा निळा शेला. ती आकाशातून यायची आणि एकटीच सगळ्यांना वाचवायची. नव्या अंकात केस कापलेले, शेला गायब, उडणं बंद आणि रंग चांगला काळा. आता ती डोंगरकडे चढते, तेही मैत्रिणींना सोबत घेऊन. मी प्रकाशकांना मुद्देसूद ईमेल पाठवला : केस, शेला, उडणं, रंग, मैत्रिणी. उत्तर आलं नाही, तेव्हा स्मरणपत्र पाठवलं. मी अशीच आहे. काम अर्धवट सोडत नाही.

जव्हारमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मी अधीक्षिका आहे. तो अंक मीच वाचनाच्या कपाटात ठेवला, मुलींनीही नाक मुरडावं म्हणून. त्यांनी तो पाठ केला.

"अगं, हिला साधं उडता येत नाही," मी एकदा जेवणाच्या रांगेत म्हणाले.

"उडून जाईल कुठं, मॅडम?" मोखाड्याची एक तोंडाळ मुलगी म्हणाली. "आपल्याकडं नुसती दरीच दरी. चढता आलं म्हंजे झालं."

स्नेहसंमेलनात मुलींना स्वतःचा छोटा बोहाडा करायचा होता. गावाकडच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे लावून पुरुष नाचतात. देवीचं सोंगही पुरुषच घेतात. इथे मुली नाचणार होत्या आणि एक सोंग या नव्या नायिकेचं असणार होतं. ते जामसरकडच्या एका मुलीने घेतलं. तिच्या घरात आजोबांच्याही आधीपासून एक सोंग चालत आलंय, सध्या ते तिचे काका घेतात, पण तिच्या वाट्याला ते कधी येणार नव्हतं. तिचे वडील बोहाड्यात संबळ वाजवतात. मुलीच्या नाचाला वाजवायला येतो, असं त्यांनी फोनवर कबूल केलं, त्या दिवशी ती ताट घासतानाही ठेका धरत होती.

तिने कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला. काळा चेहरा, आखूड केस, टपोरे डोळे. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी तो कोठीच्या खिडकीत वाळत ठेवला होता. मी तांदूळ बघायला तिथे गेले. भिंतींना लावून उरलेल्या फिकट गुलाबी ऑइलपेंटचा डबा शेजारीच होता. ओठाचा रंग जरा ओघळलाय, तेवढा नीट करू, असं मी मनाशी म्हटलं. ब्रश हातात आल्यावर ओठ राहिला बाजूला. मी कपाळापासून सुरुवात केली आणि चेहरा पूर्ण गोरा झाल्यावरच थांबले. मग काळी लोकर चिकटवून केस लांब केले. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. माझी नायिका परत आली होती. मला मनापासून आनंद झाला. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय.

सकाळी त्या मुलीने मुखवटा हातात घेतला नाही.

"हा माजा नाय."

"अगं, तोच आहे. जरा नीट केलाय."

"मॅडमनी तिला क्रीम लावली!" तोंडाळ मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

जामसरची मुलगी हसली नाही. "आमच्यात ज्याचं सोंग, त्याला इचारल्याबिगर कोणी ब्रश नाय लावत. माजा आजापण माज्या काकाला इचारतो." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आन्‌ नीट म्हंजे काय, मॅडम?"

मी तिच्याकडे बघितलं. मुखवट्याला तिने दिलेला रंग तिच्या स्वतःच्या कपाळाचा होता. ईमेलमध्ये रंगाचा मुद्दा मी बराच खाली टाकला होता. ब्रश हातात आल्यावर तो सगळ्यात वर आला होता.

आपण परत काळा करू, मी म्हणाले. पण ऑइलपेंट अजून चिकट होता. वरचा रंग त्यावर ठरेना. ती निघून गेली.

दुपारी तिचे वडील संबळ घेऊन आले. "बाय, सोंग कुठंय?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"रंग जरा बिघडला," मी म्हणाले.

त्यांनी मुखवटा दोन्ही हातांनी उचलला. "बिघडला कुठं? बाजारातल्यावानी झालाय. कोणी रंगवला?"

मी कार्यक्रमपत्रिका चाळू लागले. त्यांनी तो पुढे केला, तेव्हा मुलीने नकारार्थी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही. "सोंग तुजं, मर्जी तुजी," म्हणाले आणि मुखवटा हळूच खाली ठेवला.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. "काही अपरिहार्य कारणामुळे पुढचं सोंग रद्द करण्यात येत आहे." टँकर आला नाही किंवा पाहुणे आले नाहीत की हे वाक्य मी नेहमी म्हणते. जीभ जराही अडखळली नाही.

वडील उठून उभे राहिले. "मॅडम, आलोच हाय, तर वाजवू का थोडं? नुसतंच?"

मी मान डोलावली. सोंग आत यायच्या वेळी वाजवतात तेच त्यांनी वाजवलं. सवयीने सगळ्या मुलींच्या माना पडद्याकडे वळल्या. पडदा हलला नाही. माइक माझ्या हातात चालूच होता आणि मला एवढंच म्हणायचं होतं की मी रंगवला, न विचारता. ती मुलगी पुढच्या रांगेत गुडघे जवळ घेऊन बसली होती, वडिलांच्या हातांकडे बघत.

संबळ थांबला. मी पुढचा कार्यक्रम पुकारला.