वन्सं आणि पिवळी पिशवी

माझ्या नणंदेचं लग्न झालं नाही. एकदा ठरलं होतं, पण मुलाकडची माणसं अचानक गप्प झाली आणि नंतर कुणी विचारायलाही आलं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे भात-नाचणी आणि दोन म्हशी वन्संच सांभाळतात. कुणाचं बारसं असलं की त्या आपसूक चुलीकडे जाऊन बसत. पाळण्यापाशी त्यांना कुणी बोलावत नसे, आणि त्याही जात नसत.

करोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईची माणसं गणपतीला आली आणि वाडीत घराघरात ताप शिरला. मी आणि वन्सं दोघी एकदमच आजारी पडलो. शाळेच्या एकाच खोलीत आम्हाला ठेवलं होतं. वास गेला, अंग मोडून आलं, पण आम्ही दोघीही निभावलो. हे तेव्हा बिरवाडीला खोली घेऊन राहत होते, कारखान्यात पाळी होती, म्हणून वाचले असं आम्ही म्हणायचो. भातकापणी सुरू झाली तेव्हा त्यांनाच ताप भरला. महाडला दाखवलं, फोटो काढला, तर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. तिथून त्यांना पनवेलच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. आत कुणालाच सोडत नव्हते. मी मावसबहिणीकडे राहून रोज रुग्णालयाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची.

एका सकाळी डॉक्टरांनी फाटकापाशी येऊन मला सांगितलं, "ऑक्सिजन वाढवावा लागतोय. प्लाझ्मा देऊन पाहू. आजारातून बरं झालेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी असतं ते. आजाराशी लढणारं जे काही रक्तात तयार होतं, ते त्यात असतं. उपयोग होईलच असं नाही, पण मिळालं तर बघू."

"मला होऊन गेलाय," मी म्हटलं. "आमचा रक्तगटही एकच आहे. माझं घ्या."

"मुलं आहेत?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. गरोदरपणात बाईच्या रक्तात काही घटक तयार होतात, ते दुसऱ्याच्या फुप्फुसांना बाधू शकतात, म्हणून मूल झालेल्या बाईचा प्लाझ्मा शक्यतो घेत नाहीत, असं त्यांनी नीट समजावलं. मी ऐकत होते आणि मनात एकच माणूस येत होतं.

पण हे वन्संना सांगायचं कसं? इतकी वर्षं घरात जो विषय कुणी काढला नाही, तो फोनवर कसा काढायचा? नंबर लावला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "वन्सं, यांना बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा द्यायचाय. माझा चालत नाही. मूल झालेली बाई नको म्हणतात."

पलीकडे कापणीच्या माणसांचा आवाज येत होता.

"मंग मी चालते की गो वयनी," वन्सं म्हणाल्या. "आधी का नाय सांगितलंस?"

कापलेला भात तसाच शेतात आडवा टाकून त्या निघाल्या. भाजीच्या टेम्पोत पुढे बसून महाड, तिथून ओळखीच्या जीपने पनवेल. सोबत फडक्यात भाकऱ्या. त्यातली एक मला फाटकापाशीच खायला लावली.

रक्तपेढीत एक तरुण मुलगी प्रश्न विचारत होती. वय, वजन, साखर, रक्तदाब. मग मान वर न करता म्हणाली, "बाळंतपणं किती?"

हा प्रश्न वन्संना आयुष्यभर कुणी ना कुणी विचारला होता. कधी एसटीत, कधी लग्नाच्या मांडवात, आणि उत्तर ऐकून समोरची बाई च् च् करायची. मी वन्संच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

"लग्नच नाय झालं."

"छान," ती मुलगी म्हणाली. "मग तुमचा चालेल."

वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले.

गट जुळला, बाकी तपासण्याही बऱ्या आल्या. यंत्राशेजारी खुर्चीवर त्या तासभर बसल्या. हातातून रक्त यंत्रात जात होतं. लाल भाग परत अंगात येत होता आणि वरच्या पिशवीत पातळ तुपासारखं पिवळं पाणी साठत होतं.

"ह्ये माझ्यातलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढं सोनं हाय होय आत!"

संध्याकाळी ते यांना चढवलं. पुढचे काही दिवस ऑक्सिजन तेवढाच राहिला, मग हळूहळू उतरू लागला. दिवाळी उलटल्यावर हे चालत बाहेर आले, खूप वाळलेले, पण स्वतःच्या पायांवर. यांच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनाही प्लाझ्मा दिला होता, ते गेले. मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कशामुळे बरे झाले ते खरंच सांगता येणार नाही. बाकीची औषधंही चालू होती."

पुढे बातम्यांत आलं की रुग्णालयातल्या अशा रुग्णांना प्लाझ्माचा फारसा फायदा दिसला नाही, आणि मग तो देणं बंद झालं. वन्संना हे सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. वाडीत त्यांना आता भावाला जीव देणारी बहीण म्हणत. बायका त्यांना शेजारी बसवून घेत, त्या यंत्राची गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत. शेवटी आमच्या ओटीवर नाचणी पाखडताना मी सांगून टाकलं. हेही तिथेच बसले होते.

वन्संनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे काय, आता परत मागतायत काय ते?"

हे एवढे हसले की त्यांना खोकला लागला. वन्संनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

"उपेग झाला का नाय त्ये डाक्टरांना ठाव," त्या म्हणाल्या. "मला बोलावलंत, मी आले."