लाल ठिपक्याचा ग्लास

आमच्या घरात टीबी आला तेव्हा सगळ्यात आधी वेगळा काढला गेला तो एक स्टीलचा ग्लास. सासूबाईंनी माझ्या टेबलावरची नेलपॉलिश उचलली आणि ग्लासाच्या बुडाशी लाल ठिपका लावला. मग ताटाला, वाटीला, चमच्याला. ही भांडी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ती वेगळ्या घासणीने घासायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि गच्चीवर उन्हात उपडी घालायची. एवढी स्वच्छता त्या घराने आधी कधी पाहिली नव्हती.

आणि दुपारी जेवणं झाली की तेच मामाजी आणि माझी चार वर्षांची मुलगी एका पलंगावर झोपायचे.

त्याचं कारण एसी. मामाजी स्टील प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टर दहाचं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि रिसालीत घर बांधलं. त्या घरात त्यांनी एकच चैन केली, स्वतःच्या खोलीत एसी लावला. होळी झाली की आमचं सगळं घर त्या एका खोलीत राहायला जायचं. खिडक्या बंद, फटींमध्ये पुठ्ठे, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. कोणी दार जरा उघडं ठेवलं की सासूबाई ओरडायच्या, "थंडी हवा चालली ना! लाव दरवाजा!" त्या बंद खोलीत मामाजी खोकायचे आणि आम्ही सगळे त्यांच्या खोकल्यात श्वास घ्यायचो. हे वाक्य लिहितानाही मला शिसारी येते.

डॉक्टरांनी हिंदीत, अगदी सावकाश सांगितलं होतं. हा आजार ताटातून नाही, खोकल्यातून, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा ताट उकळलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यांना हसायचा मला मात्र अधिकार नाही. लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवायची. हवेतून पसरणारे रोग कोणते, हा प्रश्न मी दरवर्षी पेपरात घालायची. उन्हाळ्यात दाराखाली टॉवेल मीच सरकवायची.

बाहेर आम्ही काय सांगायचो? प्लांटची धूळ. "तीस साल कोक ओव्हनमध्ये काढले, छातीत धूळ बसली," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आणि शेजारणी आदराने मान हलवायच्या. आमच्या वस्तीत धुळीला इज्जत आहे. टीबीला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमच्या घराचा धर्म. मूठ झाकलेलीच राहिली, आत काय सडत होतं ते कोणी बघितलं नाही.

मामाजींची औषधं सुरू होऊन आठवडा झाला असेल, आणि मितानिन आली. मितानिन म्हणजे आमच्याकडची आरोग्याचं काम करणारी बाई, मागच्याच गल्लीत राहणारी. हातात रजिस्टर होतं. तिने दारातच विचारलं, "घर में पाँच साल से छोटा बच्चा है क्या, अम्मा?" आणि समजावून सांगितलं. पेशंटसोबत राहणाऱ्या लहान मुलांना आधी तपासतात. आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून वजनाप्रमाणे गोळी देतात, रोज, सहा महिने. सरकारी आहे, फुकट आहे, मी स्वतः घरी येऊन बघत जाईन.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ घरातल्या बाईला सांगावा लागत नाही. मुलगी माझ्या मागे उभी होती. मी तिचा दंड धरला, तिला आत नेलं आणि जी खोली हाताशी होती तिच्यात बसवलं. टीव्हीवर कार्टून लावून दिलं. म्हटलं, गप्प बसायचं, आवाज नाही करायचा. दार लावलं. बाहेर सासूबाई सांगत होत्या, "छोटा बच्चा कोई नहीं है बाई. नातिन है, वो मामा के घर रहती है, अहिवारा में."

ती खोली मामाजींची होती.

औषधापासून पोरीला लपवायला मी तिला आजाराच्या पलंगावर बसवलं. तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नाही. मला एवढंच वाटलं की बरं झालं, आवाज बाहेर आला नाही, एसी चालू होता.

रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला मी सकाळी चहाबरोबर विषय काढून बघितला. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "चांगल्या पोरीले टीबीची गोळी कावून? तिले काय झालं आहे?"

"होऊ नये म्हणून."

"लिव्हर खराब होते त्या गोळ्यांनी. अन् रजिस्टरमध्ये नाव चढलं, तर जिंदगीभर राहते. उद्या तिच्या लग्नाच्या वक्ती कोणी काढलं तर?"

चार वर्षांची पोर. तिच्या दुधाच्या दातांतला एकही अजून पडला नव्हता, आणि तिच्या लग्नातली अडचण माझ्या नवऱ्याला बशीतल्या चहात दिसत होती. मला त्याच्या तोंडाची किळस आली. मी तसं बोलले का? नाही. मी विचारलं, पोळी आता टाकू की नंतर.

मितानिन पुन्हा आली. तेव्हा सांगायची गरजच पडली नाही. घंटी वाजताच मुलगी आपणहून पळाली, आबाच्या, म्हणजे मामाजींच्या, खोलीत शिरली आणि आतून दार ओढून घेतलं. तिला तो खेळ वाटायचा. मितानिन सासूबाईंशी बोलली, उठली, आणि जाताना दारातल्या चपलांकडे बघून थांबली. गुलाबी, फुलपाखराच्या, माझ्या तळहाताएवढ्या. फाटकाशी ती मला हळूच म्हणाली, "दीदी, मैं अपनी नोनी को भी खिलाई हूँ, पूरे छह महीने. उसके पापा को हुआ था. अच्छी-भली है, स्कूल जाती है. आप एक बार ले आओ, बस." नोनी म्हणजे लेक. मी म्हटलं, "वो चप्पल पड़ोस की बच्ची की है." तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पाऊस सुरू झाला तोवर मुलीची हाडं दिसायला लागली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. सासूबाई म्हणाल्या, गरमी उतरून राहिली. नवरा म्हणाला, दात येत असतील. मीही म्हणाले, असतील. आम्ही तिघांनी मिळून ते इतक्या शांतपणे ठरवून टाकलं की जणू भाजी काय करायची ते ठरत होतं.

तिसऱ्यांदा मितानिन आली तेव्हा सासूबाईंनी अहिवाऱ्याचं पाठ झालेलं सुरू केलं, आणि मागे खोलीचं दार उघडलं. मामाजी उभे होते, बनियनवर, मुलीचा हात धरून. गोळ्या सुरू झाल्यापासून ते घरात जवळजवळ बोलायचेच नाहीत.

"हे आहे पोरगी," ते म्हणाले. "वजन करा हिचं."

सासूबाई चिडून म्हणाल्या, "तुमाले कोणी इचारलं?"

"माहं ताट अलग केलं तुमी. गिलास अलग केला. अन् पोरीले माह्या बाजूत लपवता?" त्यांना धाप लागली. "मले वाटलं होतं, कोणीतरी बोलन."

त्या "कोणीतरी"मध्ये मी होते. सासूबाई अडाणी होत्या, नवरा भित्रा होता. मी शिकलेली होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन गेले. एक्स-रे झाला, बाकी तपासण्या झाल्या. छातीत गाठी होत्या. आजार होऊ नये म्हणून द्यायच्या गोळीची वेळ निघून गेली होती. आता पूर्ण इलाज. डॉक्टरांनी विचारलं, "घर में पेशंट था, तो पहले क्यों नहीं लाए?" मी मुलीच्या फ्रॉकचं बटण लावत राहिले. मितानिन बाकावर माझ्या शेजारीच होती. तिने फक्त मुलीची पाण्याची बाटली धरली होती. आधी आणलं असतं तर हा आजार टळला असता का, हे मी डॉक्टरांना विचारू शकले असते. आजपर्यंत विचारलेलं नाही. निघताना त्यांनी एवढं बजावलं, की या मुलीपासून कोणाला होणार नाही, हिला दूर ठेवायची काही गरज नाही.

मुलगी बरी झाली, हेही सांगून टाकते. आता सातवीत आहे, आणि धावण्यात वर्गात पहिली येते. घरात त्या दिवसांचं नाव कोणी काढत नाही. कधी निघालंच, तर सासूबाई म्हणतात, "ते मितानिन येऊन राहिली अन् मग पोरगी बिमार पडली." नवरा ऐकून घेतो.

पण मला आठवतो तो दवाखान्यातून परत आल्यानंतरचा दुसरा दिवस. मी स्वयंपाकघरात तिची पहिली गोळी पाण्यात विरघळवत होते. ती पळत आली, नाचतच. तिच्या हातात तिचा छोटा ग्लास होता, बारशाला माझ्या आईने दिलेला. तीन महिने ती आबाच्या ग्लासासाठी हट्ट करत होती आणि तीन महिने तिला कोणी त्याला हात लावू दिला नव्हता.

"मम्मी, देख ना! आजीने मेरेको भी लाल वाला बनाके दिया!"

ठिपका अजून ओला होता. तिच्या अंगठ्याला लागला होता.