मागच्या सीटवरचा वादी

माझं घर पोलादपूरला होतं आणि कोर्ट महाडला. मधल्या रस्त्यावर माझ्या उमेदीची बरीचशी वर्षं सांडली. बायको पोलादपूरच्या शाळेत शिकवायची. तिच्या पगारावर घर चालायचं आणि माझ्या वकिलीवर फक्त मोटारसायकल चालायची, तीही लहर लागली तर.

मोटारसायकल लष्कराच्या लिलावातली. एका रस्त्याच्या कंत्राटदाराने ती घेतली, तीन-चार पावसाळे पिळून काढली आणि मग माझ्या गळ्यात बांधली. ‘लढाईवर जाऊन आलेली आहे,’ असं त्याने छाती फुगवून सांगितलं. कोणत्या बाजूने लढली, हे मी विचारलं नाही. रोजच्या वागण्यावरून ती आपल्या बाजूने लढली नसावी.

सकाळी गाडी अंगणात काढायची आणि किक मारत बसायचं. सात-आठ किकांनंतर ती एकदा खोकायची. मग शेजारच्या ओटीवरचे म्हातारे दात घासता घासता ‘आली, आली’ म्हणायचे आणि ती परत गप्प व्हायची. त्या किकांनी माझ्या उजव्या पायाची पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती. बायको म्हणायची, यष्टीने जात जा. पण गावात ज्याच्याकडे मोटारसायकल आहे असा एकुलता एक वकील यष्टीच्या रांगेत उभा राहिला, तर त्याच्याकडे अशील कशाला येतील? अशील तसेही येत नव्हते, हा मुद्दा तिने काढला नाही. शाळेतली बाई असून तिच्यात तेवढी दया होती.

रस्ता खडीचा. कुठेकुठे डांबराची आठवण राहिलेली. पुढे यष्टी असली की तिची सगळी धूळ मी गिळायची, आणि तिच्या पुढे काढायची माझ्या गाडीची छाती नव्हती. काळा कोट महाडला पोचेपर्यंत तांबडा झालेला असायचा. कोर्टाच्या पायरीवर मी तो झटकायचो तेव्हा इतर वकील चार हात लांब उभे राहायचे. हँडलचा थरकाप हातात दुपारपर्यंत राहायचा. सही करताना अक्षरं अशी काही हलायची, की अशिलांना वाटायचं, आपला वकील कोर्टाला घाबरला. दुपारी दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकता ऐकता डोळे मिटायचे, आणि संध्याकाळी तीच खडी, तीच धूळ, त्यात घराकडे परतणारी गुरं. गुरं माझ्या गाडीला बिचकायची आणि गुराखी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. घरी आलो की पहिल्या घासालाच डुलकी. बायको पानावर बसलेल्या मला हलवून म्हणायची, “जेवायचं की झोपायचं, एक काय ते ठरवा. भात गार होतोय.”

अशा दिवसांत माझ्याकडे एक खरा दावा होता. आंबेनळी घाटाच्या अंगाला, वर डोंगरावर, एक वाडी होती. गुरं राखणारी, थोडी नाचणी-वरी पिकवणारी पाच-सात घरं. होळी झाली की वरचं पाणी आटायचं आणि गुरं खालच्या ओढ्यातल्या डोहावर न्यावी लागायची. वाट खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या जमिनीतून जायची. गुरं जाता-येता त्याच्या पावट्यात तोंड घालतात म्हणून त्याने वाटेवर करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. झालं. वाडीच्या बायका गुरांना न उतरता येणाऱ्या लांबच्या उतरणीने जाऊन डोहावरून डोक्यावर पाणी वर न्यायला लागल्या, आणि ते म्हशींना पाजायला लागल्या. म्हैस हंड्याने पाणी प्यायला लागली की माणसाने कपाळावर हात मारून बसावं, दुसरं काय करणार.

वाडीतला साठीकडे झुकलेला एक म्हातारा वादी झाला. वाट निदान पाऊस पडेपर्यंत तरी मोकळी करून मिळावी, एवढंच त्याचं मागणं. पण दोन तारखा फुकट गेल्या होत्या. एकदा माझी साखळी वाटेत तुटली. दुसऱ्यांदा मी वेळेवर पोचलो, पण तारखेचा निरोप वर धाडायलाच विसरलो होतो. न्यायाधीश शांत माणूस. ते शांतपणेच म्हणाले, पुढच्या तारखेला वादी उभा नसेल तर दावा काढून टाकीन. त्यांचं शांत बोलणं मला नेहमी जास्त लागायचं.

त्या तारखेला म्हातारा पहाटेच डोंगर उतरून पोलादपूरच्या स्टँडवर आला होता. यष्टी लागली होती आणि तो रांगेत होता, दारापासून दोन माणसं मागे. मी तिथे पोचलो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण रविवारी मी स्वतःच्या हाताने प्लग साफ केला होता, त्या सकाळी गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली होती, आणि मला हे कुणाला तरी दाखवायचं होतं. मी म्हटलं, बाबा, रांगेत कशाला चेंगरताय, बसा मागे. वाटेत साक्ष कशी द्यायची तेही सांगतो. तो एकदा यष्टीकडे आणि एकदा गाडीकडे बघून म्हणाला, “वकीलसायब, ही पोचवील ना?”

मला राग आला. मी म्हटलं, बसा.

तो बसला. घोंगडी मांडीखाली घेतली आणि चपला काढून हातात धरल्या, देवळात बसावं तसा. आम्ही निघालो आणि मी लगेच साक्षीचा अभ्यास सुरू केला. गाडीचा आवाज असा, की मागच्या माणसाचं बोलणं पुढच्याला ऐकू येत नसे. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. वाट कधीपासूनची विचारलं तर काय सांगायचं. समोरचा वकील चिडवील, तर चिडायचं नाही. मागून उत्तर येत नव्हतं, ते मी आदराचं लक्षण धरलं.

पोलादपूर सोडून काही अंतर गेल्यावर एक लांब चढ लागतो. तिथे माझी गाडी रोजच रडकुंडीला यायची. त्या दिवशी दोन माणसं, म्हणून ती माणूस चालेल इतक्या वेगाने, गुरगुरत वर चढत होती. आणि अर्ध्या चढावर चमत्कार झाला. गाडीने एकदम उसळी घेतली. आवाज बदलला, हँडल हलकं झालं, आणि ती भराभर वर निघाली. मी हरखून गेलो. मान न वळवता मागे ओरडलो, बघितलंत बाबा, साफ केलेला प्लग काय करतो ते. त्यानंतर महाडपर्यंत माझी साक्षीची शिकवणी सुरूच होती, आणि मधूनमधून प्लगाची.

महाडच्या बाजारात लोक माझ्याकडे बघत होते. रोजच बघायचे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि म्हणालो, उतरा सावकाश. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. म्हातारा माणूस, पाय आखडले असतील. टपरीवाला किटली हातात धरून बघत होता.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “कोणाला उतरवताय?”

मी मागे वळून पाहिलं. सीटवर घोंगडीचे चार काळे केस चिकटलेले होते.

पहिला विचार आला तो, म्हातारा पडला, हा. डोळ्यांपुढे एक खड्डा आला, दुसरा आला. वाडीतली माणसं प्रेत उचलून घाट चढताहेत असं दिसलं, आणि त्यांच्यामागे हंडे घेतलेल्या बायका. मी गाडी वळवली आणि किक मारली. गाडी तापलेली, हूं की चूं करीना. टपरीवाल्याने आणि चहा प्यायला आलेल्या दोघांनी ढकलून ती सुरू करून दिली. पळता पळता एकाने विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, वादी.

जाताना दोन्ही बाजूंच्या गटारांत बघत गेलो. समोरून यष्टी आली, तिने भोंगा वाजवून मला जवळजवळ शेतात घातलं. मी हात दाखवून ओरडत होतो, रस्त्यात म्हातारा दिसला का, पण तिची धूळ माझ्या तोंडात भरली आणि ती निघून गेली. डोळे चुरचुरत होते. त्यांत धूळ किती आणि दुसरं काय किती, हे मला सांगता येणार नाही.

निम्म्या वाटेच्याही पुढे गेल्यावर तो दिसला. घोंगडी खांद्यावर, चपला अजून हातात, रस्त्याच्या कडेने एका चालीत महाडकडे चालला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. मला बघून थांबला. मी गाडीवरून उतरायचं सोडून तिच्यासकट आडवाच झालो. त्यानेच मला उठवलं.

“बाबा, पडलात कुठे?”

“पडतो कशाला? उतरलो.” त्याने गाडीकडे हात केला. “चढाला धापा टाकीत व्हती. गाडीला चढ लागला की माणसानं उतरावं, बैलाच्या जिवाला बरं पडतं. तुमीबी वर जाऊन थांबणार, असं वाटलं. सगलेच थांबतात.”

खरं होतं ते. बैलगाडी हाकणारा कोणताही माणूस चढाच्या माथ्यावर थांबतो. खाली उतरलेली माणसं वर येऊन बसतात, मग गाडी पुढे निघते. हा माथ्यावर आला, तिथे कुणीच नव्हतं. तो जरा वेळ बसला. मग त्याला वाटलं, साहेबांना घाई असेल, आणि त्याने चालायला सुरुवात केली.

पुढचं अंतर मी एका हाताने हँडल आणि एका हाताने त्याच्या धोतराचं टोक धरून काढलं. तो मागून काहीतरी सांगत होता. बहुतेक धोतर सोडा म्हणत असावा. मी सोडलं नाही.

कोर्टात पोचलो तेव्हा पट्टेवाल्याने नाव तीनदा पुकारलं होतं आणि न्यायाधीश दावा काढून टाकल्याचं सांगायला लागले होते. मी तांबडा कोट घालून, वादीचं धोतर हातात धरून, दारात उभा. समोरचा वकील मान खाली घालून हसत होता. त्याच्यामागे कुंपण घालणारा तो शेतकरी बसला होता, तो मात्र हसत नव्हता. मी म्हटलं, साहेब, वादी वेळेत निघाला होता. मीच त्याला वाटेत सोडून आलो. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही चालत्या गाडीवरून का उतरलात?”

म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं तेच सांगितलं, चढाचं आणि बैलाचं. पुढे म्हणाला, “आमी जनावरं राखतो, सायब. धापा टाकणाऱ्यावर बसून नाय ऱ्हावत.”

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, कागद बाजूला सारला आणि जेवणाच्या सुटीनंतर साक्ष घेऊ म्हणाले.

साक्ष फार वेळ चालली नाही. मी रस्ताभर ओरडून शिकवलेलं त्याने एकही वाक्य ऐकलेलं नव्हतं, कारण चढापर्यंत गाडीने ऐकू दिलं नाही आणि चढानंतर ऐकायला तो तिथे नव्हताच. वाट बापाच्या आधीपासूनची आहे, म्हणाला. गुरं पावट्यात तोंड घालतात का, असं समोरच्या वकिलाने विचारलं, तर सरळ ‘घालतात’ म्हणाला. मी कपाळ धरलं. मग प्रतिवादी उभा राहिला. त्याला विचारलं, वाट होती का? तो म्हाताऱ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, “व्हती. पन ह्यांनी कधी राखण ठेवली नाय. पेरतो मी, नि खातात ह्यांची गुरं.”

दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवावी, कुंपण उद्या संध्याकाळच्या आत काढावं, आणि वाडीने गुरांबरोबर माणूस द्यावा, असा हुकूम झाला. मी बाहेर येऊन म्हाताऱ्याला समजावून सांगितला. मला वाटलं तो खूश होईल. तो बोटं चोळत उभा राहिला.

“उद्याचा दीस म्हंजे,” तो म्हणाला, “आजचं पाणी बायकाच नेणार.”

मी म्हटलं, हुकूम उद्याचा आहे, बाबा, एक दिवसाचं काय. पण बोलता बोलता माझाच हात कंबरेवर गेला. सकाळपासून मी तीन वेळा तो रस्ता तुडवला होता, नुसता बसून, आणि मला पायरीवर टेकायची हिंमत नव्हती, कारण टेकलो असतो तर उठलो नसतो. तिकडे कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढत होतं. पायरी उतरता उतरता प्रतिवादीने आमचं बोलणं ऐकलं असावं. तो थांबला. टोपी काढून डोकं खाजवलं.

“उद्या कशाला,” तो म्हाताऱ्याला म्हणाला, “काटीच तर हाय. जाता जाता दोघं मिळून वडून टाकू. पन राखणीला माणूस दे रे.”

“देतो ना. नातू देतो.”

“नातू नको. तो झाडावरच बसून असतो. सून दे.”

मी पुढे होऊन म्हाताऱ्याला म्हटलं, मी सोडतो ना पोलादपूरपर्यंत. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, “तुमी जावा, वकीलसायब. तुमी दमलाव.”

दोघे स्टँडच्या दिशेने गेले. चालता चालता पावट्याचंच काहीतरी चाललं होतं. मी गाडीशी आलो आणि किक मारायला लागलो. दहा झाल्या, वीस झाल्या. घामाने कोटाची तांबडी माती चिखल होऊन अंगाला चिकटली. टपरीवाला या वेळी ढकलायला आला नाही, त्याने फक्त चहाचा कप आणून सीटवर ठेवला. पोलादपूरची यष्टी समोरून गेली तेव्हा खिडकीशी वादी बसला होता आणि शेजारी प्रतिवादी. प्रतिवादीने चंची उघडून त्याच्यापुढे धरली होती आणि म्हातारा चुन्याची डबी शोधत होता. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मी चहा प्यालो आणि एकविसावी किक मारली.