वीज गेली की विझणारा दिवा

"अनंता, सुनेनं सासऱ्याला सायनाइड दिलंय. तू ताबडतोब ये!"

वत्सलामावशींचा फोन आला तेव्हा मी शवागारात होतो. हातात ग्लोव्हज, समोर गंगेतून काढलेले एक बेवारस गृहस्थ. फोन स्पीकरवर होता. शपथेवर सांगतो, त्या गृहस्थांनीही कान टवकारले.

मी फोरेन्सिकचा डॉक्टर, म्हणजे मेलेल्यांचा. माझा एकही पेशंट आजवर तक्रार घेऊन परत आलेला नाही. आमचं घराणं काशीत इतकं जुनं, की गंगा इथे पहिल्यांदा आली तेव्हा तिला वळणाचा रस्ता आमच्याच पूर्वजांनी दाखवला. असं वडील सांगायचे, आणि मी त्यांच्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

"बॉडी कुठाय?" मी विचारलं.

"काल मणिकर्णिकेला नेली. राखसुद्धा सावडून झाली."

इथेच आमच्या धंद्याचं घोडं अडतं. काशीत माणूस गेला की चहा निवायच्या आत तिरडी बांधून तयार. म्हातारा माणूस काशीत गेला म्हणजे मोक्षच. मोक्षाचं पोस्टमॉर्टेम कोण करतो?

"मग सायनाइड कुठून काढलंत?"

"मेले तरी भाऊकाका गुलाबी दिसत होते! गालांवर लाली, पाठीवर तांबूस डाग. सगळी गल्ली हात जोडून म्हणत होती, काय तेज आहे! मी मात्र ओळखलं. चौथ्या भागात अगदी हेच आहे."

हा चौथा भाग म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्याहून पार्सलने एक पुस्तकमालिका येते. तिच्यात एक डॉक्टरीणबाई प्रेतं फाडून खुनी पकडतात. मंगला गौरी मंदिराच्या आसपासच्या मराठी घरांतल्या बायका हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात ती मोठ्याने वाचतात आणि वाटाणे सोलतात. मावशी त्यांच्या मुख्य. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना आता नुसती शिंक ऐकून विषाचं नाव सांगता येतं. भाजीवाल्याच्या नखांकडेही त्या संशयाने बघतात.

मी हसणार होतो, पण तांबूस डाग ऐकून थांबलो. माणूस मेला की रक्त वाहायचं थांबतं आणि खालच्या अंगाला उतरतं. तिथे डाग पडतात, नेहमीचे जांभळट. ते लालसर असतील तर मोजकीच कारणं असतात. कडाक्याची थंडी, सायनाइड, नाहीतर कोळशा-पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. मावशींनी तिन्हींतलं आपल्या आवडीचं उचललं होतं.

"श्रीधर संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाणार आहे," मावशी म्हणाल्या. श्रीधर म्हणजे भाऊकाकांचा मुलगा. "तोवर मी त्या सुनेला, मीनलला, कबुलीसाठी बसवलीय."

"कुठे?"

"जिथे ते गेले तिथेच! सातव्या भागात डॉक्टरीणबाई असंच करतात. गुन्ह्याच्या जागी बसवलं की मनातलं बाहेर पडतं. आणि पडतंय रे! डोकं धरून बसलीय. दोनदा ओकली. म्हणते, सासऱ्यांचा खोकला ऐकू येतो."

मी त्या गृहस्थांना "येतो हां" म्हणालो आणि निघालो.

धुकं असं दाट होतं की मोटरसायकलचा हॉर्न वाजवला तर आवाज पुढे न जाता हँडललाच लटकत होता. गल्लीत माणसं दिसत नव्हती, नुसत्या शाली चालत होत्या. घराच्या दारात श्रीधर उभा होता. डोळे सुजलेले.

"दादा, तुम्हीच सांगा आता. तिनंच बाबांना जेवण दिलं. जेवून दुपारी झोपले ते उठलेच नाहीत."

"तू तिला विचारलंस?"

"काय विचारू? सगळी गल्ली बोलतेय."

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मीनल नागपूरची, इथे बँकेत नोकरीला. श्रीधर ठाण्यात गेला असता, तर ती खुनी नाही हे सिद्ध करायला जगात एक चिमूटभर पुरावा उरला नव्हता. जो होता तो गंगेतून वाहून पाटण्याकडे निघाला होता.

आतली खोली लहान. थंडीसाठी भाऊकाकांनी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली होती. ते गेले त्या जागी जमिनीवर पीठ पसरलेलं, त्यावर दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा. आपल्याकडे दहा दिवस तो तेवत ठेवतात आणि पिठावर काही उमटतं का बघतात. त्या दिव्याशेजारी मीनल भिंतीला टेकून बसली होती. घरात उदबत्ती, कापूर, आणि घाटाकडून येणारा तो नेहमीचा धूर. काशीत धुराचा वास येतो असं म्हणणारा माणूस बाहेरगावचा.

"मीनल, काय होतंय?"

"डॉक्टर, दिवा विझतो," ती जड जिभेनं म्हणाली. "लाइट गेले की विझतो. प्रत्येक वेळी. मग ते खोकतात."

दारातून मावशी कुजबुजल्या, "ऐकलंस? भाऊकाका स्वतः फुंकर मारताहेत. खुनी शेजारी बसलाय ना!"

"मावशी, डॉक्टरीणबाई भुतं मानतात?"

"त्या पुण्याच्या. त्यांना काशी काय माहीत?"

तेवढ्यात लाइट गेले.

खोलीत फक्त दिव्याचा पिवळा गोल उरला. खिडकी बंद, दार मावशींनी अडवलेलं, वारा शिरायला जागा नाही. तरी ज्योत वाकली. कुणीतरी शेजारी वाकून बसल्यासारखी एका बाजूला दबली. आणि पिठावर, माझ्या डोळ्यांदेखत, एक रेघ उमटत गेली. बोटाने ओढावी तशी, भिंतीकडून दिव्याकडे. मग दिवा गेला. अंधारात कुणीतरी खोकलं. घोगरं, अडखळत, पुन्हा पुन्हा.

मी हजारो प्रेतांच्या सहवासात डबा खाल्लेला माणूस. पण त्या क्षणी माझ्या अंगावर असा काटा आला की आतून स्वेटर फाटला. मावशी तर सगळे भाग विसरून रामरक्षा म्हणू लागल्या, तीही मधूनच.

माझं डोकं ठणकायला लागलं, आणि त्या ठणक्यानेच मला शुद्धीवर आणलं. भूत डोकं दुखवत नाही.

"श्रीधर! आधी हिला उचल. बाहेर, गल्लीत! मावशी, बाजूला व्हा!"

मी खिडकीची वर्तमानपत्रं ओरबाडून काढली आणि मोबाइलच्या उजेडात पिठावरची रेघ उलटी धरून भिंतीपर्यंत गेलो. कपाटामागे जमिनीलगत जुन्या मोरीचं भोक होतं. त्यातून गरम वारा येत होता, धक्क्या-धक्क्याने. भिंतीपलीकडे शेजारच्या गेस्ट हाउसने याच हिवाळ्यात दोन घरांच्या फटीत जनरेटर बसवला होता. लाइट गेले की तो आधी नुसती हवा फुंकायचा, मग खोकत खोकत चालू व्हायचा, आणि त्याच्या धुराच्या पाइपचं तोंड नेमकं त्या भोकावर. गल्लीत दहा जनरेटर घरघरतात, त्यात अकरावा कोण ऐकतो? भाऊकाका त्याच भोकाकडे डोकं करून झोपायचे. त्या दुपारी लाइट बराच वेळ गेले होते.

मी गेस्ट हाउसच्या मॅनेजरला गाठलं.

"बंद कीजिए, तुरंत!"

"डॉक्टर साहब, फॉरेन के गेस्ट हैं, गीजर चल रहा है।"

"बगल में एक आदमी मर चुका है. दुसरी गल्लीत पडलीय!" रागात माझी हिंदी संपते. पण त्याला मराठीही कळली.

मीनलला हॉस्पिटलमध्ये नेऊन ऑक्सिजन लावला. त्याआधी रक्त घेतलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो, आणि ते मोजता येतं. रिपोर्ट आला. आणखी एकदा लाइट गेले असते तर तीही तेजस्वी दिसली असती.

भाऊकाकांचं रक्त राख झालं होतं. पण त्याच जागी, तीच हवा घेत बसवलेल्या मीनलचं रक्त बोललं. जिवंत माणसाने साक्ष दिल्याची माझ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

मावशी वॉर्डाबाहेर बाकावर बसून होत्या. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग खुनी कोण?"

"एक पाइप."

"पाइप? असं कसं चालेल रे?" मग पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "आमचे हे असेच दुपारी झोपले नि गेले. सगळे म्हणाले, मोक्ष. कशानं गेले, ते कुणीच सांगितलं नाही. पुस्तकात निदान शेवटच्या पानावर सांगतात."

मला टोमणा सुचला होता, तो मी गिळला.

"मी तिला मारलीच असती ना, अनंता?"

"हो," मी म्हणालो. यात मला काही वाढवून सांगता आलं नाही.

मीनल वाचली. श्रीधर पाया पडायला वाकला तेव्हा तिने पाय मागे घेतले. महिन्याभरात बँकेतून बदली मागून ती नागपूरला गेली. श्रीधर तिच्या मागे गेला. तिने त्याला घरात घेतलं की नाही, हे अजून गल्लीला कळलेलं नाही. मावशींनी तिला माफीचा फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गच्चीवरचं वाचन अजून चालू आहे. मी अडवत नाही. फक्त बायकांना एकदा जमवून सांगितलं: कुणावर संशय आला तर खुशाल घ्या, पण त्या माणसाला खिडकी उघडी असलेल्या खोलीत बसवा.