सोयरीक होईस्तोवर

माझ्या आईचं एक शास्त्र आहे. घरात मुलगी लग्नाची असली की आईबापानं आजारी पडायचं नाही, आणि पडलंच तर कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्या देऊळगाव राजाकडे हे घरोघरी पाळतात. आमची आई जरा कडक पाळते, एवढंच.

माझं बीबी गावच्या स्थळाशी जवळजवळ ठरलं होतं, सुपारी फुटायची बाकी होती. त्याच दिवसांत आईच्या पाठीला तेल चोळताना माझ्या हाताला तिच्या काखेजवळ, छातीच्या कडेला हरभऱ्याएवढी गाठ लागली. विचारलं तर म्हणे, जुनीच आहे, दुखत तर नाही. गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं, तेही फुकट. आशाताई सारखी घरी बोलवायला यायची आणि आई दर वेळी शेतात गेलेली असायची, म्हणजे मागच्या दारानं. का, तर शिबिराला गेलेल्या बाईची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि बातमीला बीबीला जायला बस लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी समजावलं, रडले, भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, ठीक आहे, पाहुण्यांना मीच फोन करून सांगते तुझ्या गाठीचं. तेव्हा कुठे बाई हलली. तेही जालन्याला, जिथं कुत्रंही ओळखत नाही आपल्याला, आणि तोंडाला स्कार्फ बांधून.

दवाखान्यात बायकांची ही लांब रांग. निम्म्याजणींची तोंडं बांधलेली, जणू सगळ्या मिळून दरोडा घालायला आल्यात. खिडकीतली नर्स वैतागून म्हणाली, तोंडं सोडा बायांनो, नावं ऐकू येत नाहीत. पुढच्या बाईनं स्कार्फ सोडला, आईनं सोडला, आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. ती माझी होणारी सासू होती.

आई म्हणाली, आम्ही एका नातेवाइकाला पाहायला आलो. त्या म्हणाल्या, मीही भाचीलाच भेटायला आले. दोघींच्या हातात केसपेपर! मी कपाळावर हात मारून घेतला. पण मग बाकावर दोघी शेजारीच बसल्या, आईनं डबा उघडला, ठेच्याचं कौतुक झालं, आणि मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

आईची तपासणी झाली. गाठ साधी निघाली. घाबरायचं कारण नाही, पण दर वर्षी दाखवून जायचं, असं डॉक्टर मॅडमनी बजावलं. मी बाहेर येऊन चक्क रडले. मग सासूबाई आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. त्यांना तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. बाहेर आल्या त्या सरळ आईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"लक्षण चांगलं नाही म्हणते. पोरालेही अजून सांगतलं नाही, पहिले तुमाले सांगून राह्यली. काय ते तुमी ठरवा."

आईनं त्यांचा हात धरला, धीर दिला, चहा पाजला. मला आईचा फार अभिमान वाटला. तो आमची बस जालन्याच्या बाहेर पडेपर्यंत टिकला.

"बीबीले नाही म्हणून टाकू," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. बस भरलेली होती, तरी मी आवाज चढवून विचारलं, आज तुझी गाठ तसली निघाली असती आणि त्यांनी सोयरीक मोडली असती, तर?

"मोडलीच असती. म्हणून तं मी कोणाले सांगत नव्हती."

"त्यांनी तं सांगितलं."

"हाव. भोळी हाय बिचारी."

करीन तर बीबीलाच म्हणून मी हटून बसले, आणि आईशी अबोला धरून त्या भोळ्या बाईच्याच घरी नांदायला आले. वेळेवर कळलं म्हणून त्यांचं ऑपरेशनवर निभावलं. आज त्या माझ्याआधी उठतात आणि मी उशिरा उठते म्हणून बोलतात. आईशी अबोला कधीच सुटला, तिला मी दर वर्षी फोन करते, चल, जालन्याला जाऊन येऊ. आता माझ्या धाकट्या बहिणीला स्थळं येताहेत. आई म्हणते, जाऊ की, तिचं तेवढं जमू दे.