विलासचा ग्रूव्हबॉक्स

रविवारी सकाळी हुपरीची एसटी धरायची, हे माझं गेली दोन वर्षं ठरलेलं. दीड महिन्यापूर्वीच्या त्या रविवारीही मी कोल्हापूरच्या स्टँडवर बसलो होतो. पिशवीत विलासनं सांगितलेली एक वायर होती आणि जयसिंगपूरहून आणलेली भडंगाची पुडी होती. फोन वाजला. विलासची बायको, शोभावहिनी. "भावजी, निघालाय काय?" "गाडी लागलीया वहिनी, चढतोच हाय." त्या म्हणाल्या, "या… आमचं हे गेलं, भावजी. पहाटं छातीत कळ आली. दवाखान्यापतोर बी पोचलं न्हाईत." मी काय बोललो ते आठवत नाही. गाडीत चढलो, कंडक्टरला नेहमीसारखं 'हुपरी एक' म्हणालो आणि खिडकीशी बसलो. शेजारचा माणूस ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होता, मी हूं हूं करत होतो. रडू आलं नाही. राग मात्र फार आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

मी तसा तोंडाळ माणूस. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळं यंत्र दिसलं की दुसऱ्याला अक्कल शिकवायची खोड जडलेली. विलास नेमका उलटा. चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा खर्च करणार नाही. आमची ओळख जयंतीच्या कार्यक्रमांतली. गायन पार्टीत तो ऑक्टापॅड वाजवायचा, मी साऊंड सांभाळायचो. एरवी त्याचा धंदा चांदीचा. घराच्या पुढच्या खोलीत तो आणि वहिनी समोरासमोर बसून पैंजणाच्या कड्या जोडायचे. पुढं पार्टी पांगली, गायकाचा आवाज गेला, आणि मला वाटलं आता विलासही हात झटकून मोकळा होणार. पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. त्याला शब्दांशिवायचं संगीत करायचं होतं. नुसता ठेका, त्याच्याखाली घुमणारा बास आणि मधूनमधून घरातल्या कामाचे आवाज. "शब्द नगंत आता. लई झालं बोलून," म्हणाला. अख्ख्या आयुष्यात जो माणूस पोतंभर शब्द बोलला नसेल, त्यानं हे म्हणावं!

कॉम्प्युटर त्याला नको होता. म्हणून मग ग्रूव्हबॉक्स. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडजूड वहीएवढं यंत्र असतं, त्यात ढोल, बास, सूर सगळं भरलेलं. एका आवर्तनाची सोळा घरं. कुठल्या घरात कुठला ठोका ते आपण बसवायचं, मग ते फिरत राहतं आणि आपण त्यावर रचत जायचं. आणि इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. यंत्र घ्यायच्या तीन महिने आधी डॉक्टरांनी विलासला काचबिंदू सांगितला होता. डोळ्याची नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नव्हता. हे फक्त नवराबायकोला माहीत. म्हणजे तो जे यंत्र घेणार होता, ते त्याला पुढच्या काळात न बघता वाजवायचं होतं.

आम्ही दोघं ते घ्यायला गेलो, तर दुकानात दोन यंत्रं समोर आली. एक बारकं, करडं, त्याला पडदाच नव्हता. प्रत्येक गुंडीला एकच काम, आणि गुंड्या एकमेकींपासून लांब. दुसरं मोठं, झकपक, बोटानं चालवायचा रंगीत पडदा, आवाजांचा तर नुसता महापूर. विलासनं काय करावं? डोळे मिटले आणि दोन्ही यंत्रांवरनं बोटं फिरवायला लागला. सावकाश. मग दुकानदाराला विचारलं, "ही गुंडी कवाबी फिरवली तर त्येच काम करती?" बारक्या यंत्राला दुकानदार 'हो' म्हणाला. मोठ्याला म्हणाला, "पडद्यावर कुठलं पान आहे त्यावर ठरतं." विलासनं परत डोळे मिटले. माझा धीर सुटला. चांदीवाले असेच असतात, बोटानं चाचपल्याशिवाय त्यांना काही पटत नाही, असं माझं मत. म्हणालो, "पैंजण हाय व्हय लेका ते? डोळं उघड की, पडदा बघ!" दुकानदार हसला. मीही हसलो. विलास पण हसला…

मग मी अर्धा तास शहाणपण पाजळलं. बारकं यंत्र म्हणजे खेळणं, दोन वर्षांत कंटाळशील, मोठ्यात काय नाही ते विचार. विलास म्हणाला, "सदा, त्यातलं इंग्रजी वाचायचं कुणी?" मी छातीवर हात मारला. "मी हाय की. दर ऐतवारी येतो हुपरीला. सगळं शिकवतो." त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "येशील न्हवं?" आणि दुकानदाराला मोठं यंत्र दाखवून, "मग हेच दे बांधून."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चार रविवार झाले. पाचव्या रविवारी घरी पाहुणे आले, सहाव्याला परीक्षेचं काम निघालं, मग जायचं राहिलंच. आठ महिने मी हुपरीला फिरकलो नाही. तो फोन करून बोलावणाऱ्यातला नव्हता. मी आपला समजत होतो, जमलं असेल त्याला. एका लग्नात वहिनी भेटल्या. विलास त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, आणि मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तरी त्याला कळलं नाही. मी 'विल्या' म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुपारी वहिनींनी सगळं सांगितलं. दुकानातले ते मिटलेले डोळे मला तेव्हा समजले. पुढच्याच रविवारी मी गेलो आणि म्हणालो, यंत्र बदलून आणू, ते बारकं घेऊ. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "ह्येची सवय झालीया." मी दोनदा, तीनदा हट्ट केला. तो कड्या जोडत राहिला. नजर गेली तरी ते काम त्याची बोटं करत होती.

तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. त्यानं पडद्यावर ठेवायला चांदीच्या तारेची जाळी केली होती, कप्प्याकप्प्यांची, म्हणजे बोट बरोबर जागेवर पडावं. इतकं नाजूक काम, आणि तारेला बोट लागलं रे लागलं की पडदा येड्यागत करायचा. धातूतनं स्पर्श वाहतो, हे मी त्याला सांगितलं. फायलीच्या प्लास्टिकला भोकं पाडून दुसरी जाळी करून दिली. माझी विद्या त्याच्या कामी आली ती एवढीच. जाळीमुळं बोट जागेवर पडायचं, पण पानावर काय लिहिलंय ते वाचून दाखवावंच लागायचं. मी वाचायचो, तो ऐकायचा. पॉलिशच्या ब्रशची घरघर, तराजूच्या परडीत पडणारी कडी, वहिनींची फुंकणी, सगळं त्यानं त्या यंत्रात भरलं. आणि मग प्रत्येक ठोका केसभर मागं किंवा पुढं सरकवत बसायचा. ठोका किती सरकला तो आकडा पडद्यावर यायचा, तो मी वाचायचा. "उणे एक." "मागं घे." "उणे दोन." "अजून." "उणे पाच." "लई गेला मर्दा, पडला खाली." मला त्या आकड्यांत काडीचा फरक ऐकू यायचा नाही. वैतागून म्हणायचो, "कुणाच्या बाला कळणार हाय?" तो म्हणायचा, "वाच की." मधे वहिनी चहा आणायच्या आणि "भांडा, पर थंड करू नगा" म्हणायच्या. दोन वर्षांत अकरा चाली पुऱ्या झाल्या. बारावी चालू होती.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजली वाहून माणसं पांगल्यावर मी वहिनींजवळ बसलो आणि जे दोन वर्षं पोटात होतं ते बोलून टाकलं. म्हणालो, "वहिनी, माझ्या तोंडाळपणापायी चुकीचं यंत्र मारलं मी त्याच्या गळ्यात. त्याला पायजे ते त्यानं हातात धरलं हुतं. मी सोडायला लावलं." वहिनी पदरानं यंत्र पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमचं ऐकून कवा काय घेतलंय त्येनी? मी बी तवा भांडलेच की. म्हटलं, डोळं चाललं आणि पडदा कसला आणलाय घरात? तर म्हणालं, त्या बारक्याला माझा मी पुरलो असतो. मग सदा कशाला यील हुपरीला?"

चुकीच्या यंत्राचं ओझं मी दोन वर्षं वाहिलं आणि ते माझं नव्हतंच. माझं होतं ते वेगळंच. डोळे जायला लागलेल्या माणसानं डोळ्यांची सोय सोडून माझी सोबत निवडली होती, आणि त्याला थोडं तरी दिसत होतं ते आठ महिने मी गेलो नव्हतो. त्या आठ महिन्यांतले रविवार त्यानं कसे काढले, हे वहिनींना विचारायचं माझं धाडस झालं नाही. अजून झालेलं नाही.

यंत्र वहिनींनी माझ्याबरोबर दिलं. "तुमच्याबिगर कुणाला वाचाय येतंय त्ये?" म्हणाल्या. आता रविवारी सकाळी मी ते टेबलावर घेतो आणि बारावी चाल लावतो. तिच्यातला एक ठोका बसायचा राहिलाय, परडीत पडणाऱ्या कडीचा. मी पडद्यावर ते पान काढतो, गुंडी फिरवतो आणि खोलीत दुसरं कुणी नसलं तरी मोठ्यानं वाचतो, कारण मनात वाचायची सवयच राहिली नाही. उणे दोन. उणे तीन. उणे चार… मग थांबतो. कुठं थांबायचं ते त्याला कळायचं. मला फक्त वाचता येतं.